दोन संस्कृती, एक कलेक्शन: फुलं-पक्षी राहू द्या, आधी बाही बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेवटच्या वर्षाचं सहा लुक्सचं कलेक्शन करायचंय, विषय ‘जपान आणि व्हिक्टोरियन इंग्लंड’. मूडबोर्डवर एकीकडे किमोनो, चेरीची फुलं, सारस पक्षी. दुसरीकडे कॉर्सेट, लेस, कॅमिओ (कोरीव चेहऱ्याचा दागिना). पहिल्या ज्यूरीत शेरा मिळाला की दोन वेगळी कलेक्शन्स एकात कोंबल्यासारखी वाटतात. आता विषय बदलायचा का, दोन्हींचं प्रमाण निम्मं-निम्मं ठेवायचं का, आणि दुसऱ्याची संस्कृती उचलल्याचा ठपका कसा टाळायचा, असं तुम्ही विचारलंय.

विषय बदलू नका. ज्यूरीचा शेरा मात्र बरोबर असणार, कारण तुमच्या वर्णनात मला दोन चित्रसंग्रह दिसले, कपडा कुठे दिसला नाही. चेरीच्या फुलांचं प्रिंट कॉर्सेटवर टाकलं की दोन संस्कृती एकत्र आल्या, असा बऱ्याच विद्यार्थ्यांचा समज असतो. तसं केल्याने फक्त छापील कापडाचा कॉर्सेट तयार होतो.

पहिलं काम म्हणजे विषय आवळणं. ‘जपान’ एवढ्या शब्दातून पॅटर्न निघत नाही. हेइआन काळातल्या (साधारण नववं ते बारावं शतक) दरबारी स्त्रियांचे एकावर एक चढवलेले झगे, एदो काळातल्या (1603 ते 1868) व्यापाऱ्याच्या घरातला कोसोदे हा झगा आणि उत्तरेकडच्या शेतकऱ्याचं ठिगळांचं वस्त्र या तिघांची मापं, कापड, पैसा, हवामान सगळं वेगळं. तीच गत ‘व्हिक्टोरियन’ची. राणीची कारकीर्द 1837 ते 1901. त्यात 1850 च्या दशकातला क्रिनोलिन, म्हणजे घागरा फुगवणारा पोलादी तारांचा सांगाडा आहे, 1870 नंतरचा बसल, म्हणजे कमरेखाली फक्त मागे फुगलेला घेर आहे आणि 1890 च्या दशकातल्या खांद्यावर फुगलेल्या प्रचंड बाह्या आहेत. हे सगळं एका बोर्डवर आलं की बोर्ड भरलेला दिसतो, पण त्यातून निर्णय एकही घेता येत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर 1870-80 च्या दशकांतलं लंडन आणि एदोच्या शेवटापासून मेजी काळाच्या (1868 पासून पुढे) सुरुवातीपर्यंतचा कोसोदे, म्हणजे आजच्या किमोनोचा पूर्वज, एवढंच धरलं असतं. याला कारण आहे. या काळात हे दोन पोशाख खरोखर एकमेकांसमोर आले. क्योतो कॉस्च्यूम इन्स्टिट्यूटच्या संग्रहात 1870 च्या दशकातला, लंडनमध्ये शिवलेला एक ड्रेस आहे. कापड आहे उसवलेल्या कोसोदेचं आणि आकार आहे बसलचा. उलट दिशेचंही उदाहरण आहे. 1887 मध्ये जपानच्या सम्राज्ञी शोकेन यांनी स्त्रियांच्या पोशाखाबद्दल निवेदन काढलं. प्राचीन जपानी पोशाखातही वरचा आणि खालचा असे दोन भाग असत, तेव्हा पाश्चात्त्य पोशाख त्याच्या जवळचाच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. कापड मात्र देशातलंच वापरा, असंही त्यांनी सुचवलं. म्हणजे तुम्ही आज जे करू पाहताय त्यावर त्या काळी दोन्हीकडच्या लोकांनी आपापल्या गरजेने डोकं चालवलेलं आहे. ‘पूर्व आणि पश्चिम यांचा संगम’ असलं वाक्य कॉन्सेप्ट नोटमधून काढून टाका आणि तिथे ही उदाहरणं घाला.

आता मुद्द्याचं. दोन संस्कृतींचा विरोध दाखवायचा असेल तर दोघींनाही एकच प्रश्न विचारावा लागतो. प्रश्न समान असेल तरच उत्तरातला फरक दिसतो. तुमच्या जोडीसाठी मी हा प्रश्न घेईन: सपाट कापडातून गोल शरीर कसं झाकायचं?

किमोनोचं उत्तर असं. साधारण 36 सेंटिमीटर रुंद आणि 12 मीटरच्या आसपास लांब कापडाचा एक ताका घ्यायचा. तो सरळ रेषेतच कापायचा. दोन अंगाचे पट्टे, दोन बाह्या, पुढच्या दोन जोडपट्ट्या, कॉलर आणि कॉलरवरची पट्टी, असे आठ तुकडे. अंगाचा पट्टा पुढच्या खालच्या काठापासून निघून खांद्यावरून थेट मागच्या काठापर्यंत जातो, खांद्याला शिवण नाही. जास्तीची रुंदी कापून टाकायची नाही, शिवणीत दुमडून ठेवायची. धुताना सगळं उसवून पट्टे पुन्हा जोडले की मूळ कापड परत हातात येतं. आकार येतो तो नेसताना, कमरेला बांधताना.

लंडनच्या टेलरचं उत्तर नेमकं उलटं. कापडातून वक्र तुकडे कापायचे, डार्ट (आकारासाठी घेतलेल्या निमुळत्या चिमट्या) घ्यायचे, लोकर वाफेने कुठे आक्रसून तर कुठे ताणून छातीचा, पाठीचा घाट आणायचा, आत कॅनव्हास घालून त्याला तिरक्या टाक्यांनी बसवायचं. स्त्रियांच्या बॉडिसमध्ये, म्हणजे ड्रेसच्या कमरेवरच्या भागात, हाडं (कडक पट्ट्या) घालायची. आकार अंगात घालण्याआधीच तयार असतो. 1880 च्या दशकात रेडफर्नसारख्या इंग्रज टेलरिंग घराण्यांनी हेच पुरुषी टेलरिंग स्त्रियांच्या जॅकेटात आणलं, तेव्हा तुमच्या लाइन-अपसाठी तो संदर्भ हाताशी ठेवा.

एक सावधगिरी. यावरून ‘जपानी काटकसरी, इंग्रज उधळे’ असं सोपं समीकरण मांडू नका. व्हिक्टोरियन ड्रेस उलटून बघितले तर आत बऱ्यापैकी माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, सोडलेली सापडते, आणि ते उसवून नव्या फॅशनप्रमाणे पुन्हा शिवलेही जात. जपानमध्ये मुलांच्या किमोनोला खांद्यावर आणि कमरेला टक घालून ठेवत आणि मूल वाढलं की ते उसवत. दोन्हीकडे कापड महाग होतं. फरक आहे तो जादा कापड कुठे ठेवायचं याचा, आणि तुमच्या सगळ्या कलेक्शनचा कच्चा माल इथे आहे.

हे कागदावर न ठेवता करून बघा. नियम एकच: टॉयलमधला, म्हणजे स्वस्त कापडातल्या कच्च्या नमुन्यातला, कुठलाही तुकडा 36 सेंटिमीटरपेक्षा रुंद नको आणि कात्री सरळच चालली पाहिजे. (अर्ध्या मापाच्या पुतळ्यावर करत असाल तर 18 सेंटिमीटर.) या पट्ट्यांतून कमरेत बसणारं टेलर्ड जॅकेट काढायचंय. हिशेब मांडू. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर माया गेली की 34 उरतात. पुढे दोन, मागे दोन असे चार पट्टे, म्हणजे 136. कंबर 72 आणि सैल 8 धरली तर हवेत 80. पुढे एकावर एक येणाऱ्या पाळीत 10 जातील. उरले 46 सेंटिमीटर.

टेलर हे 46 कापून फेकेल. तुम्हाला कापायची परवानगी नाही, मग ते दुमडा. सगळेच्या सगळे मागच्या मध्यावर प्लीटमध्ये घ्या, कमरेपर्यंत शिवून टाका आणि कमरेखाली मोकळे सोडा. मागे एकदम घेर फुटतो. बसल तयार झाला, आणि त्यासाठी तारांचा सांगाडा लागला नाही. सरळ कापडात उरलेली रुंदीच तिथे जमा झाली. शिवाय मागचा भाग कमरेत 22 सेंटिमीटरच उरल्यामुळे कुशीच्या शिवणी पाठीकडे सरकतात. 1870-80 च्या बॉडिसमध्येही पाठ अशीच अरुंद आणि शिवणी मागे सरकलेल्या असत. हा योगायोग पोर्टफोलिओत जरूर दाखवा. पहिल्या टॉयलमध्ये काखेखालून कमरेकडे तिरक्या सुरकुत्या पडतील, कारण पुढचा भाग मागे ओढला जातोय. 46 पैकी थोडं कापड कुशीतच दुमडलं की त्या कमी होतात. किती, ते पुतळ्यावर टाचण्या लावूनच कळेल.

ज्यूरीला हवं असतं ते हे. जॅकेटवर एकही सारस नाही, तरी किमोनोच्या नियमातून इंग्रजी आकार निघालाय, आणि तो कसा निघाला हे तुम्हाला आकड्यांत सांगता येतंय.

दुसरी जागा बाहीची. मला ती सगळ्यात समृद्ध वाटते, म्हणून जरा रेंगाळतो. टेलर्ड बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा (बाही जिथे अंगाला जोडतात त्या गोलापेक्षा) तीन-चार सेंटिमीटर मोठा कापतात आणि ती जादा लांबी वाफेने लोकरीत जिरवतात. मुंढा काखेला जितका जवळ आणि उंच, तितका हात मोकळा हलतो. मुंढा खाली गेला की हात वर करताना अख्खं जॅकेट वर येतं. विद्यार्थी नेमके हेच उलटं धरून चालतात आणि ‘सैल’ हवं म्हणून मुंढा खाली ओढतात. किमोनोची बाही मात्र चौकोनी असते, अंगाला सरळ रेषेत जोडलेली. स्त्रियांच्या किमोनोत ती खांद्याजवळच काही अंतर जोडतात, त्याखाली अंग आणि बाही दोन्ही उघडी. हालचालीसाठी जागा मोजून दिलेली नसते, मोकळी सोडलेली असते.

आता एकाच बाहीत दोन्ही बसवा. पुढच्या अर्ध्या भागाला गोल मुंढा, मागचा अर्धा भाग खांद्याला शिवण नसलेल्या सरळ पट्ट्याचा. बाही आयताकृती. मागे ती सरळ रेषेत जोडा, पुढे गोल मुंढ्यात बसवा आणि माथ्याची जादा लांबी वाफेने न जिरवता दिसतील अशा बारीक प्लीट घ्या. पुढून बघणाऱ्याला टेलर्ड बाही दिसेल, मागून लोंबणारी. टॉयल अंगावर चढवलं की एक गोष्ट हमखास होईल: लोंबत्या बाहीच्या वजनाने मागचा भाग खाली ओढला जाईल आणि कॉलर मानेपासून सुटून मागे सरकेल. टेलरच्या दृष्टीने हा मोठा दोष, कारण लॅपेलच्या कॉलरची सगळी मेहनत ती मानेला चिकटावी म्हणूनच असते. किमोनोत मात्र स्त्रिया कॉलर मुद्दाम मागे ओढून मानेचा मागचा भाग उघडा ठेवतात. मग कॉलरला मानेवर धरून ठेवायची झटापट सोडा. मागचा कॉलर-स्टँड (कॉलर उभी ठेवणारा भाग) काढून टाका, पुढचे लॅपेल कॅनव्हास घालून कडक ठेवा आणि मागे कॉलर सुटू द्या. ती किती सुटेल हे मात्र तुमच्या ताब्यात हवं. पाठीच्या आतून एक टेप कमरेपर्यंत नेऊन शिवला की ती ठरलेल्या जागी थांबते.

एवढ्या दोन प्रयोगांतून सहा लुक्स निघतात. दोन्ही संस्कृतींचं प्रमाण किती, हा तुमचा प्रश्न इथे आपोआप सुटतो. निम्मं-निम्मं ही सगळ्यात वाईट वाटणी. बघणाऱ्याची नजर कुठेच ठरत नाही. एक बाजू नियम देते आणि दुसरी आकार देते, असं एकदा ठरवलं की मोजमाप करत बसावं लागत नाही. मी पहिला लुक जवळजवळ सरळ पट्ट्यांचा ठेवीन, शेवटचा जवळजवळ पूर्ण टेलर्ड, आणि मधले चार त्या प्रवासातले. याच्या उलट क्रमही चालेल. फक्त सहाच्या सहा लुक्समध्ये पट्ट्यांची 36 सेंटिमीटरची रुंदी कुठेतरी उभ्या शिवणींत दिसत राहू द्या, म्हणजे रॅकवर टांगल्यावरही ते एका घरचे वाटतील. प्रत्येक लुक ‘हिरो’ करायचा मोह आवरा. एक साधी पँट आणि एक साधा शर्ट लाइन-अपमध्ये हवेतच, नाहीतर जॅकेटकडे कुणाचं लक्ष जाणार नाही.

कापडाबाबत एक धोका आधीच सांगून ठेवतो. लोकर वाफेने घडते, तर चिरिमेन म्हणजे जपानी रेशमी क्रेप पाणी लागताच आक्रसतं. दोन्ही एका शिवणीत आणलीत आणि टेलरिंगसाठी वाफ दिलीत, तर शिवण वाकडी होणार. दोन्ही कापडं आधी वाफवून घ्या, हातभर शिवणीचा नमुना करा, इस्त्री करा, रात्रभर टांगून ठेवा आणि मगच ठरवा. पॉलिस्टर सूटिंगवर बाहीचा माथा जिरत नाही, पुढे सुरकुत्याच राहतात. तिथे प्लीटचा पर्याय वापरा. आणि लोकरीच्या जॅकेटचं टॉयल पातळ मसलिनमध्ये करू नका. वरचा 46 सेंटिमीटरचा प्लीट मसलिनमध्ये सुंदर पडतो आणि जाड लोकरीत तिथे वीट ठेवल्यासारखा उभा राहतो. जुनं ब्लँकेट फाडा, पण वजन जुळवा.

रंगासाठी पुस्तकी ‘जपानी लाल’ आणि ‘व्हिक्टोरियन काळा’ यांच्या नादी लागू नका. एदो काळात शहरी सामान्य लोकांवर दिखाऊ कपड्यांबाबत वेळोवेळी बंधनं येत, म्हणून ते तपकिरी, करड्या आणि निळीच्या छटांत रमले आणि खरी चैन अस्तरात लपवू लागले. इंग्लंडमध्ये 1856 साली विल्यम पर्किन क्विनिन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा मॉव्ह लागला. त्यानंतर रासायनिक रंगांचे भडक कपडे रस्त्यावर मिरवू लागले. मेजी काळात असे रंग जपानमध्येही पोचले. तेव्हा बाहेरून पाच-सहा करड्या-तपकिरी छटा आणि अस्तर मॉव्ह जांभळं, एवढ्यानेच रंगांची गोष्ट पूर्ण होते. कॉलर मागे सुटते तिथे अस्तराची जेमतेम बोटभर कड दिसू द्या, जास्त नको.

आता संस्कृती उचलल्याच्या आरोपाबद्दल. भीतीने विषय गुळगुळीत करू नका आणि ‘प्रेरणा आहे’ म्हणून झटकूनही टाकू नका. काही गोष्टी साध्या माहितीच्या आहेत. किमोनोची डावी बाजू उजवीवर येते; उजवी डावीवर फक्त मृतदेहाला नेसवताना. इंग्रजी स्त्रियांच्या जॅकेटमध्ये मात्र उजवी बाजू डावीवर येते, त्यामुळे तुमच्या पाळीचा निर्णय सहाही लुक्समध्ये विचारपूर्वक झाला पाहिजे. मी डावी वर ठेवीन. ओबीची, म्हणजे किमोनोच्या कमरपट्ट्याची, गाठ पुढे बांधण्याशी एदो काळातल्या गणिकांची प्रतिमा जोडलेली आहे, तेव्हा ‘छान दिसते’ म्हणून ती पुढे आणू नका. पाठीवर, छातीवर, बाह्यांवर असतात ती गोल चिन्हं म्हणजे घराण्याची मुद्रा; ती प्रिंट म्हणून पसरवू नका. उत्तरेकडची ठिगळांची वस्त्रं, ज्यांना आज बोरो म्हणून मिरवलं जातं, ती कापूस दुर्मीळ असल्याने निघालेली गरिबीची वस्त्रं होती. मुद्दाम फाडून त्यांचा ‘लुक’ आणण्यापेक्षा साशिको या जपानी पद्धतीचा धावदोरा जिथे कापड झिजतं तिथे, म्हणजे कोपरावर, काखेत, खिशाच्या तोंडाशी घाला. तिथे तो कामाचा असतो.

मोठ्या ब्रँडचे दोन प्रसंग ध्यानात ठेवा. 2015 मध्ये केटीझेड या फॅशन ब्रँडच्या एका स्वेटरवर, उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट समाजातल्या एका शामनच्या (मांत्रिक-वैद्याच्या) पार्क्याची, म्हणजे त्याच्या जाड अंगरख्याची, रचना जशीच्या तशी आढळली. ती त्या माणसाने स्वतःच्या रक्षणासाठी घडवलेली, त्याच्या वंशजांना पवित्र असलेली रचना होती. ब्रँडला माफी मागून तो कपडा विक्रीतून काढावा लागला. 2019 मध्ये किम कार्दाशियनने अंतर्वस्त्रांच्या ब्रँडला ‘किमोनो’ हे नाव दिलं, तेव्हा क्योतोच्या महापौरांनी पत्र लिहून हरकत घेतली आणि नाव बदलून स्किम्स झालं. पहिल्यात अडचण आली ती रचना तिच्या माणसापासून तोडल्याने, दुसऱ्यात सगळ्यांच्या शब्दावर एकाची मालकी सांगितल्याने. तुम्ही बांधणीचं तत्त्व अभ्यासून वापरताय, ते कुठून घेतलं हे पानावर लिहिताय आणि कलेक्शनला ‘गेइशा’, ‘सामुराई’ असली नावं देत नाही, तर तुमची बाजू भक्कम आहे. रॅम्पवर पांढरा मेकअप, केसांत काड्या आणि हातात पंखा दिलात तर मात्र ही सगळी मेहनत पाण्यात गेली म्हणून समजा.

हा रस्ता आधी कुणी चाललंय का, असं ज्यूरी विचारेलच. 1981 मध्ये रेई कावाकुबो आणि योहजी यामामोतो या जपानी डिझायनरांनी पॅरिसमध्ये कलेक्शन दाखवायला सुरुवात केली. तिथे चर्चा झाली ती अंग आणि कापड यांच्यातल्या मोकळ्या जागेची, काळ्या रंगाची, विस्कटलेल्या काठांची. किमोनोची नक्षी त्यात शोधावी लागली असती. आणि कावाकुबो यांचं 1997 च्या वसंत ऋतूचं कलेक्शन बघा. त्यात पाठीवर, नितंबांवर, खांद्यावर उशा भरून शरीराचाच आकार बदललाय. मला त्यात बसलची आठवण येते, हे माझं वाचन आहे; तुम्ही तुमचं मांडा, पण फोटो चिकटवून पुढे जाऊ नका. कुठली शिवण काय काम करते ते लिहा.

संशोधनाची पानं कमी करा. संग्रहालयांच्या ऑनलाइन संग्रहात मागून आणि आतून काढलेले फोटो शोधा. पुढून काढलेल्या फोटोत बांधणी कळत नाही. मिळाला तर एखादा जुना किमोनो आणि एखादं जुनं टेलर्ड जॅकेट घेऊन दोन्ही उसवा, तुकडे जमिनीवर मांडून शेजारी-शेजारी फोटो काढा. तुमच्या कॉन्सेप्ट नोटमधल्या दोन पानांचं काम तो एक फोटो करेल.

पुढच्या ज्यूरीला मूडबोर्ड नेऊच नका. पट्ट्यांचं जॅकेट ब्लँकेटच्या टॉयलमध्ये, अर्धी-अर्धी बाही बसवलेली, प्लीट टाचण्यांनी धरलेले, अशा अवस्थेत न्या. सोबत वरचा 136 उणे 80 उणे 10 हा हिशेब एका कागदावर आणि लोकर-चिरिमेनच्या शिवणीचा नमुना. नमुना बिघडलेला असला तरी चालेल. त्यांनी फुलांबद्दल विचारलं तर अस्तर उलटून दाखवा आणि तिथे काय करायचं ते अजून ठरायचंय म्हणा.